दोन बोटं पुढे

वेंगुर्ल्याच्या वरच्या सड्यावर
नऊ होलचं मैदान. हिरवळ म्हणाल तर
पावसाचे चार महिने, एरवी कातळ,
आणि झेंड्याभोवती तेल पाजून चोपलेली वाळू.
तिथे मी शिकते, एकेचाळिसाव्या वर्षी,
दवाखान्यातली शेवटची दाढ उपटून झाली की.

मी डावखुरी. भांडण इथूनच सुरू.

पोंक्षे सर पुण्याहून आले, छातीवर बिल्ला,
ॲल्युमिनियमच्या दोन काठ्या, मोबाइलला तिपाई,
आणि पानवाल्याकडून आणलेली चुन्याची डबी.
चटईवर रेघ ओढतात. ड्रायव्हर असेल
तर चेंडू डाव्या टाचेसमोर
(मी मनात म्हणते, उजव्या),
पाच नंबरला अर्धा चेंडू मागे, सातला आणखी,
वेज घेतलीत की बरोब्बर मधोमध.
"डॉक्टर, दाढ कुठे आहे हे न बघता
तुम्ही सुई देता का?"
नाही, म्हणते मी.
खरं तर देते. शेवटच्या दाढेमागे
दिवा पोचत नाही, बोट पोचतं.
पण हे सरांना सांगत नाही.

वासू केळुसकरला बिल्ला नाही.
तीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्या,
एक खांदा दुसऱ्याहून चार अंगुळं खाली,
कानामागे विडीसारखी लाकडी टी.
माझ्यासाठी डावखुरी सात नंबर त्यानेच शोधली,
कुणा बोटीवरच्या कप्तानाने विसरलेली,
मूठ कुरतडलेली उंदरांनी.
बॅगांच्या आधी तो पाग टाकायचा, मोचेमाडच्या खाडीत.
शिकवताना हातात काठी देत नाही,
ओला टॉवेल देतो.
शिशाचा घेर कमरेवर तोलायचा,
मागे न्यायचा, आणि अशा क्षणी सोडायचा
की पाण्यावर तो अंगणभर उघडेल.
"चेंडू कित्याक हलवतंस गो?
तो थंयच ऱ्हवांदे. मागचो पाय हलव."

सर म्हणतात, हे काही शास्त्र नव्हे.
वासू म्हणतो, होय तर,
आणि टॉवेल पिळून वाळत घालतो.

तीन महिने माझा खांदा सरांचा,
कंबर वासूची,
आणि चेंडू करवंदीच्या जाळीचा.
वर नेलेला हात वरच थांबायचा,
दोघांपैकी कुणाची परवानगी घ्यावी ते न कळून.

मग मार्चातला एक मंगळवार. पाचवा होल.
समुद्राकडून वारा, तोंडावर मीठ,
चेंडू पायांपेक्षा खाली, उतारावर,
कातळातल्या वाटीएवढ्या खळग्यात.
इथे कुणी रेघ ओढलेली नव्हती.
सर खाली, सुट्टीवर आलेल्या एका कुटुंबाला
पकड दाखवत होते. वासू जाळीत,
हरवलेल्यांचा हिशेब लावत.

रुग्णाचं तोंड जेवढं उघडतं
तेवढंच उघडतं.
मग आपण वाकतो.

मी वाकले. कुठली टाच, कुठला पाय,
आज विचाराल तर आठवत नाही.
आवाज मात्र आठवतो:
दाढ हाडातून सुटते तेव्हाचा,
छोटा, ओला, नक्की.
चेंडू फार लांब गेला असं नाही. काजूच्या झाडांअलीकडे पडला.
पण मी बघितलंच नाही, मला आवाज पुरला.

पुढल्या आठवड्यात चटईवर आम्ही तिघं वाकून उभे.
रबरी गवत एका ठिकाणी झिजून टक्कल पडलेलं,
चुन्याच्या रेघेपासून दोन बोटं पुढे.
"बघा," सर म्हणाले, "रेघेचा फायदा.
एकाच जागी लागतंय."
"बघ," वासू म्हणाला, "रेघेर नाय."

त्यानंतर कधी तरी कुणी तरी
जुनी रेघ पुसून
नवी ओढली, टकलावरून, सरळ.
सर म्हणतात, मी नाही.
वासूचं बोट पांढरं होतं.
पण वासू तंबाखू मळतो,
त्याचं बोट नेहमीच पांढरं असतं.